फरक नऊने भागून पाहा: आपलं राजकीय मत कधी बदललं ते शोधायची रीत

बँकेत नवा लागलो तेव्हा आमच्या शाखेतल्या एका म्हाताऱ्या अकाउंटंटनी मला एक युक्ती शिकवली होती. बॅलन्सिंगला, म्हणजे हिशेब जुळवताना, फरक आला की लगेच लेजर उपसायला बसायचं नाही. आधी फरकाला नऊने भागून पाहायचं. पूर्ण भाग गेला तर बहुतेक कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत. ५४ च्या जागी ४५ पडलेत, नाहीतर ८१ च्या जागी १८. मग सगळी पानं चाळायची गरज नाही, फक्त उलटे पडलेले आकडे शोधायचे. संगणक यायच्या आधी या युक्तीने मला कितीतरी वेळा शेवटची एसटी मिळवून दिली आहे.

रिटायर झाल्यावर मी हीच युक्ती स्वतःच्या राजकीय मतांवर लावली. तिथेही आकडे उलटेच पडलेले निघाले. कसे, ते सांगतो. तुम्हाला स्वतःचं खातं तपासायचं असेल तर ही रीत उपयोगी पडेल. दुसऱ्याचं मत कसं बदलायचं हे मात्र मला विचारू नका. माझ्या पुतण्याशी मी व्हॉट्सॲपवर दोन वर्षं भांडलो, त्यातून फक्त त्याने मला ‘गुड मॉर्निंग’ पाठवणं बंद केलं.

एकच प्रश्न घ्या आणि त्याला तारीख लावा

“मी आधी डावा होतो, मग डोळे उघडले.” “मी आधी कर्मठ होतो, आता पुरोगामी झालो.” अशा वाक्यांनी काही हाती लागत नाही. ‘खात्यात काहीतरी गडबड आहे’ म्हणण्यासारखंच ते. कुठल्या खात्यात, कुठल्या तारखेला? हो किंवा नाही एवढंच उत्तर असेल, आणि त्या काळी तुम्ही ते उत्तर दिलं असेल, असा प्रश्न निवडा. मंडल आयोग लागू व्हावा की नाही? गिरणी संप चालू ठेवावा की मागे घ्यावा? आणीबाणी बरोबर की चूक?

माझा प्रश्न नामांतराचा. तरुण वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. २७ जुलै १९७८ ला महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते. ठरावानंतर मराठवाड्यात दंगली उसळल्या. तेव्हा मराठवाड्यात पाचच जिल्हे होते, जालना १९८१ ला आणि लातूर १९८२ ला वेगळा झाला. गावोगावी दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली, माणसं मारली. ठराव तसाच पडून राहिला. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ झालं. नामांतर नाही, नामविस्तार. तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते.

१९७८ मध्ये मी औरंगाबादला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. नामांतराच्या बाजूने होतो की विरोधात? माझं उत्तर तयार होतं. मुलांना मी तीस वर्षं तेच सांगत आलो: मी कुठल्याच बाजूला नव्हतो, मोर्चा निघाला तेव्हा बाजूला उभा राहून बघत होतो, आणि पुढे बाबासाहेब वाचले तेव्हा मला पटलं.

पुरावा गोळा करा. आठवण हा पुरावा नाही

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. आणीबाणीचंच बघा. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, तो आणीबाणीच्या विरोधात होता. मग १९७५ च्या दिवाळीत आमच्या ओट्यावर बसून “गाड्या वेळेवर धावायला लागल्या बरं का” म्हणणारी ती सगळी माणसं गेली कुठे? मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो, हे वाक्य मी या कानांनी ऐकलंय. म्हणणाऱ्यांत माझे वडीलही होते.

म्हणून कागद शोधा. जुनी पत्रं, डायऱ्या, कॉलेजच्या नियतकालिकातला लेख, लग्नाच्या अल्बममधला खिशाला बिल्ला लावलेला फोटो. पुस्तकं विकत घेतल्यावर पहिल्या पानावर तारीख टाकायची सवय असेल तर सोन्याहून पिवळं. कागद नसतील तर त्या काळातल्या माणसाला गाठा, पण शक्यतो जवळच्या मित्राला नको. मित्र तुमच्यासारखाच विसरलेला असतो. ज्याच्याशी तुमचं तेव्हा भांडण झालं होतं त्याला विचारा. त्याला बरोबर आठवतं.

मला कागद मिळाला तो २०१९ मध्ये, सेलूला ताईकडे. जुनी ट्रंक रिकामी करताना तिला वडिलांनी जपून ठेवलेली पत्रं सापडली. त्यात माझं एक निळं आंतर्देशीय पत्र होतं, ऑगस्ट १९७८ चं. मेसचं बिल वाढलं, पायजम्याचं कापड पाठवू नका, इथे पँटच घालतात, वगैरे झाल्यावर खाली लिहिलं होतं: “इथे सगळं बंद आहे. आम्ही सर्वजण मोर्चात होतो. काही झालं तरी विद्यापीठाचं नाव बदलू देणार नाही. पैसे लवकर पाठवावेत.”

अक्षर माझंच. ‘आम्ही सर्वजण’ हेही माझंच.

ताईने वाचून परत घडी घातली आणि म्हणाली, “तुला पैसे मिळाले होते का रे तेव्हा?” मी म्हटलं, मिळाले होते.

तुम्हाला असा कागद सापडला तर तो फाडू नका, आणि लगेच कुणाला दाखवूही नका. चार दिवस जाऊ द्या. पहिल्या दिवशी माणूस सबबी शोधतो. “एकोणीस वर्षांचा होतो”, “सगळेच होते”, “दंगल तर खेड्यात झाली, आम्ही शहरात होतो”. या सबबीही लिहून ठेवा. माझ्या वहीत अशा सात सबबी आहेत. त्यातली एक खरी आहे, कुठली ते अजून ठरत नाही.

ते मत तुम्हाला दिलं कुणी?

वहीत दोन रकाने पाडा. डावीकडे त्या मताची तेव्हा तुम्ही देत होतात ती कारणं, उजवीकडे ज्यांच्याकडून ते मत आलं ती माणसं. डावा रकाना भरायला मला अर्धा तास लागला. निजामाच्या विरुद्ध लढून मराठवाडा मोकळा झाला, २३ ऑगस्ट १९५८ ला विद्यापीठ मिळालं, ‘मराठवाडा’ हे नाव म्हणजे आमची अस्मिता. दुसरं कारण, नावात काय आहे, तो पैसा रस्त्यांना आणि सिंचनाला द्या. तिसरं, आत्ताच का?

उजवा रकाना पाच मिनिटांत भरला. रूम पार्टनर. मेसमध्ये आमच्या टेबलावर बसणारे दोन सीनियर. वडील. आणि आमच्या गावचे एक शिक्षक, ज्यांच्यामुळे मी औरंगाबादला शिकायला जाऊ शकलो. बस्स. त्या रकान्यात नामांतराच्या बाजूचा एकही माणूस नाही. मिलिंद महाविद्यालय त्याच शहरात होतं, बाबासाहेबांनी १९५० मध्ये काढलेलं. तिथला एकही मुलगा माझ्या ओळखीचा नव्हता. तीन वर्षं त्या शहरात राहून! ‘मराठवाड्याची अस्मिता’ म्हणताना माझ्या डोळ्यांसमोरचा मराठवाडा मेसच्या एका टेबलाएवढा होता.

आता डाव्या रकान्यातल्या कारणांची परीक्षा घ्या. कारण तेच ठेवा, नाव बदला. “नावात काय आहे, विकास करा” हे माझं तत्त्व होतं म्हणतो ना मी? मग पुढे शहराचं नाव बदलायची मागणी आली तेव्हा ते तत्त्व कुठे गेलं? माझा तो रूम पार्टनर, ‘नावात काय आहे’ सगळ्यात मोठ्याने म्हणणारा, त्याने शहराच्या नव्या नावाचं स्टिकर सरकारच्या कितीतरी आधी स्वतःच्या स्कूटरवर लावलं होतं. शहराचं नाव बदलावं की नाही हा वेगळा विषय आहे, त्यावर माझ्याशी भांडायला येऊ नका. मला एवढंच दिसलं की १९७८ मध्ये नाव बदलणं आम्हाला कधीच खटकलं नव्हतं. खटकलं होतं ते कोणाचं नाव येतंय हे. असं लिहायला हात जड होतो. मी पेन्सिलने लिहिलं आणि दोन महिन्यांनी त्यावरून पेन फिरवलं.

पहिल्यांदा गप्प कधी बसलात?

‘मला पटलं’ तो दिवस सगळेच शोधतात. तो शोधू नका. असा दिवस बहुतेकांच्या आयुष्यात नसतोच, आणि असला तरी तो मागाहून बनवलेला असतो. नवं मत बोलायला लागण्याच्या पुष्कळ आधी माणूस जुनं मत बोलायचं थांबतो. म्हणून ज्या दिवशी जुन्या मतावर टाळी द्यायची वेळ होती आणि तुमचा हात उठला नाही, तो दिवस शोधा.

माझा १९८६ चा. नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या शाखेत होतो. दुपारी डबे उघडले होते. कुणीतरी नेहमीचा विनोद केला, ‘सरकारचे जावई’ वाला. सगळे हसले. मी हसलो नाही. विरोध केला असं अजिबात नाही, फक्त हसायची वेळ चुकली. शेजारच्याने विचारलं, “काय हो, पोट बिघडलं का?” मी म्हटलं, हो, थोडं.

त्या दिवशी पोट बिघडलेलं नव्हतं. मग काय बिघडलं होतं, हे शोधत आणखी दोन वर्षं मागे गेलो.

१९८४. आयआरडीपीची, म्हणजे गावातल्या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेची, म्हशींची कर्जं जोरात होती. वरून टार्गेट यायचं, डीआरडीएकडून, म्हणजे जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणेकडून, यादी यायची, मार्च जवळ आला की अर्जांचा ढीग पडायचा. त्या योजनेत काय काय चालायचं ते सांगायला वेगळा लेख लागेल. एकच म्हैस तीन जणांच्या नावावर खरेदी झालेली मी पाहिली आहे. विम्यासाठी म्हशीच्या कानात बिल्ला मारायचे. म्हैस मेली आणि बिल्ला हरवला की क्लेम गेला, म्हणून लोक मेलेल्या म्हशीचा कान बिल्ल्यासकट कापून फडक्यात बांधून काउंटरवर आणायचे. असो.

अर्जदाराला लिहिता येत नसलं की अर्ज आम्ही क्लार्कच भरायचो आणि खाली अंगठा घ्यायचो. एक पन्नाशीचा माणूस माझ्यासमोर बसला होता. नाव, वय, गाव, जात, घरात खाणारी तोंडं, सगळं लिहून झालं. मग रकाना आला, ‘स्वतःचे घर आहे काय?’ मी विचारलं, घर आहे का तुमचं?

“व्हतं.”

‘होतं’ असं त्या रकान्यात लिहिता येत नाही. ‘आहे’ किंवा ‘नाही’. मी विचारलं, म्हणजे विकलं का? पडलं?

“नामांतरात गेलं, सायेब.”

पुरात गेलं, भूकंपात गेलं, तसं तो म्हणाला. आवाज चढवला नाही, माझ्याकडे रोखूनही पाहिलं नाही. उलट मी थांबलो म्हणून त्याला वाटलं की कागदात काहीतरी चुकलं, आणि तो घाईने म्हणाला, “नाय चालत तर नका लिहू.” आमच्याकडे नामांतर म्हणजे मोर्चा, घोषणा, कॉलेजला सुट्टी. त्याच्याकडे ते घर घेऊन जाणारं काहीतरी होतं. एकच शब्द, दोन खाती.

मी ‘नाही’ लिहिलं. अंगठा घेतला. कर्ज मंजूर झालं की नाही, मला आठवत नाही. हे न आठवणंही मी वहीत लिहून ठेवलंय.

तेव्हा मला काही ‘पटलं’ नाही, हे लक्षात घ्या. संध्याकाळी घरी जाऊन मी बायकोला काही सांगितलं नाही. कुणी विचारलं असतं तर नामांतराला विरोध आहे असंच म्हणालो असतो. पण त्यानंतर त्या विरोधाची कारणं मोठ्याने सांगायला माझी जीभ वळेना, आणि दोन वर्षांनी विनोदाला हसू आलं नाही.

आता नऊने भागा

सगळ्या तारखा एका पानावर उतरवा. माझं पान असं होतं: १९७८ पत्र. १९८४ अर्ज. १९८६ न हसणं. १९९० मंडल. १९९१ पुस्तक. १९९४ तिळगूळ.

१९९० च्या ऑगस्टमध्ये व्ही. पी. सिंगांनी मंडलची घोषणा केली आणि आमच्या शाखेत रोज वाद सुरू झाले. तिथे मी पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने बोललो. संधी, प्रतिनिधित्व, शेकडो वर्षांचं मागासलेपण, सगळं फाडफाड. माझं मलाच नवल वाटलं, हे शिकलो कधी? आणि बाबासाहेबांच्या भाषणांचं पुस्तक, जे ‘वाचून मला पटलं’ असं मी मुलांना सांगत आलो, त्याच्या पहिल्या पानावर माझ्याच हातची तारीख आहे: एप्रिल १९९१, जन्मशताब्दीच्या वेळची. म्हणजे पटवणारं पुस्तक मी पटल्यानंतर विकत घेतलं.

हे ते उलटे पडलेले आकडे. माझ्या आठवणीतला क्रम होता वाचलं, पटलं, बदललो. कागदावरचा क्रम निघाला बदललो, गप्प बसलो, बोललो, मग वाचलं. कारणं सगळ्यात शेवटी आली आणि आठवणीने त्यांना उचलून सगळ्यात पुढे बसवलं. साहजिक आहे. ‘एका अंगठा लावणाऱ्या माणसाने एक शब्द वापरला म्हणून मी बदललो’ यापेक्षा ‘मी वाचून बदललो’ सांगायला बरं दिसतं.

मला वाटतं वहीला बसणाऱ्या बहुतेकांना असाच फरक सापडेल. वडिलांचं घ्या. आणीबाणी बरी वाटणारा तो माणूस १९७७ च्या मार्चमध्ये आयुष्यात पहिल्यांदा काँग्रेसच्या विरोधात मत देऊन आला. का, तर लोकशाही, स्वातंत्र्य, असं आम्हाला ऐकवायचे. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. शिक्षकांना नसबंदीच्या केसेस आणायचं टार्गेट लावलं होतं आणि केस नाही तर इन्क्रिमेंट नाही, अशी धमकी होती. ज्या मुलांना शिकवायचं त्यांच्याच बापांना जीपमध्ये बसवायला जायचं. ते दोनदा गेले. तिसऱ्यांदा ताप आल्याचं सांगून घरी पडून राहिले. स्वातंत्र्य हा शब्द त्यानंतर आला.

फायद्याने बदललेलं मत वेगळं काढा

इथे लबाडी करू नका, खातं आपलंच आहे. बदललेल्या प्रत्येक मतापुढे लिहा: हे बदलून मला काय मिळालं, आणि न बदलता काय गेलं असतं?

१९८० च्या दशकात आम्ही बँकवाले संगणकाच्या विरोधात घसा फोडून घोषणा देत होतो. नोकऱ्या जातील, माणसाला यंत्राचा गुलाम करतील. मी गेटसभेत भाषणही केलंय. पुढे आमच्या शाखेत लेजर पोस्टिंगचं मशीन आलं. जून आणि डिसेंबरच्या सहामाही व्याजाला पूर्वी आम्ही रात्री दहा-अकरापर्यंत बसायचो, ते काम संध्याकाळीच संपलं. पहिल्या जूनलाच माझा विरोध संपला. याला मी मतपरिवर्तन म्हणत नाही. मला घरी लवकर जायला मिळालं, एवढंच. नोकऱ्यांचा प्रश्न खोटा होता का? ज्या क्लार्कांची पुढे भरतीच झाली नाही ते माझ्या काउंटरवर रडायला येणार नव्हते, म्हणून मला तो दिसायचा बंद झाला.

तसंच खासगीकरणाचं. १९९१ मध्ये मी कडाडून विरोधात होतो. पुढे मुलगा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि माझा आवाज आपोआप खाली आला. वहीत त्यापुढे लिहिलंय, ‘मुलाचं पगारपत्रक’.

फायद्याने बदललेलं मत चुकीचंच असतं असं नाही. पण ते कशाने बदललं हे माहीत असेल तर उद्या फायदा फिरला की आपण कुठे वळणार तेही कळतं.

‘पलटी मारली’ म्हणतील, म्हणू द्या

मत बदलण्याची लाज आपल्याकडे भारी. गांधीजींनी १९३३ मध्ये ‘हरिजन’मध्ये स्वच्छ लिहून टाकलं होतं की माझ्या दोन लिखाणांत विसंगती दिसली तर नंतरचं खरं धरा. हे लिहायला छाती लागते, आणि तारखा घालून लिहायची सवयही लागते, नाहीतर नंतरचं कुठलं ते कळणार कसं? आणि उशीर झाला म्हणून खंतावू नका. बाबासाहेबांनी येवल्याला ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ असं जाहीर केलं ते १३ ऑक्टोबर १९३५ ला, आणि नागपूरला धम्मदीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. एकवीस वर्षं आणि एक दिवस. ठरल्यानंतर एवढा काळ त्यांनी तपासण्यात घालवला. आपण चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत निकाल मागतो.

कुणाला सांगायचं?

ज्याच्या विरोधात तुम्ही होतात त्याच्याकडे कबुलीजबाब घेऊन जाऊ नका, निदान पहिल्या झटक्यात. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

आमच्या शाखेतले हेड कॅशियर तरुणपणी नामांतरासाठीच्या १९७९ च्या लाँग मार्चमध्ये नागपूरहून निघाले होते. सहा वर्षं आम्ही हाताच्या अंतरावर बसलो, नामांतर हा शब्द आमच्यात कधी निघाला नाही. १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीला, नामविस्तार झाला. दुसऱ्या दिवशी शनिवार, अर्धा दिवस बँक. ते तिळगूळ घेऊन आले आणि प्रत्येक टेबलाशी गेले. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’, याच्या पलीकडे कुणाशी काही बोलले नाहीत. मीही तेवढंच बोललो. ‘अभिनंदन’ हा शब्द ओठावर होता की नव्हता, खरंच सांगता येत नाही.

पत्र सापडल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. ते आता नांदेडलाच असतात. घरी चहा झाला, मी पत्र काढून दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, पायजम्याच्या कापडासकट. मग म्हणाले, “अक्षर चांगलं होतं हो तुमचं.” आणि परत दिलं.

मला काय हवं होतं ते मला तिथे, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. त्यांनी ‘जाऊ द्या हो’ म्हणावं, एवढ्यासाठी मी ऐंशी किलोमीटर गेलो होतो. त्यांनी ते म्हटलं नाही, आणि त्यांनी ते का म्हणावं? मग आम्ही पेन्शनच्या अपडेशनवर बोललो. अजूनही महिन्या-दोन महिन्यांनी फोन होतो, पण त्या पत्रावर पुन्हा बोलणं नाही. तुमची वही तुम्ही लिहा, तिची पोच दुसऱ्याकडे मागू नका.

वही घरातल्या माणसाला तपासायला द्या

ऑडिट आपलं आपण करायचं नसतं. मी वही बायकोला वाचायला दिली. तिने दोन दुपारी बसून वाचली. मला वाटलं, पत्राबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, “सगळं बरोबर आहे. पण नवीन माणूस दारात आला की तुम्ही अजून पहिलं विचारता, गाव कोणतं, आडनाव काय. आणि आडनावावरून कळलं नाही तर म्हणता, तिकडे कुणाकडचे?”

मी म्हटलं, ती आपल्याकडची बोलायची पद्धत आहे. ती म्हणाली, “हो का? मग उत्तर ऐकून तुमचा आवाज का बदलतो?”

हे वहीत कुठल्या रकान्यात घालू ते कळेना. बँकेत अशा रकमेसाठी सस्पेन्स खातं असतं, फरक सापडेपर्यंत तात्पुरता तिथे टाकायचा. तसं शेवटचं पान केलंय. तिथे आता चार नोंदी आहेत आणि पहिल्या तिन्ही तिच्या अक्षरात आहेत.

आजची मतं पाकिटात घाला

मागचं झालं. पुढच्यासाठी सोपी तजवीज आहे. आज ज्या तीन-चार प्रश्नांवर तुमचं मत पक्कं आहे ते कागदावर लिहा. आरक्षण, शेतीमालाचा भाव, मुलांची शाळा कुठल्या माध्यमाची असावी, जे काय असेल ते. ‘परिस्थितीनुसार’ हा शब्द वापरायचा नाही. प्रत्येकाखाली लिहा: काय घडलं तर मी हे मत बदलेन? या ओळीला मला एका संध्याकाळी चार तास लागले, आणि एका प्रश्नाखालची जागा अजून कोरी आहे. तो प्रश्न कुठला ते सांगणार नाही.

खाली तारीख आणि सही. पाकीट डिंकाने चिकटवा, टेप नको, टेप सुटते. वर पाच वर्षांनंतरची तारीख घाला आणि पाकीट दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, जो मागितलं तरी आधी देणार नाही अशाकडे. माझं पहिलं पाकीट मी स्वतःच्याच कपाटात ठेवलं होतं. आठव्या महिन्यात उघडून दोन ओळी दुरुस्त केल्या.